एकशे चौदा कॅप्सूल

चौबे कॉलोनी, रायपूर
रविवार, १७ सप्टेंबर २०१७

ती. मामाजींना सोनियाचा नमस्कार.

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. गोंदियाला पाऊस बरा आहे, मंदाकिनी आत्यांचा गुडघा दुखतो, त्यांच्या दारच्या सीताफळाला यंदा लवकर फळ धरलं, आणि अगदी शेवटी, ‘अनु कशी आहे ते कळवणे’. सहा ओळींचं पत्र, त्यात तुमच्या नातीच्या वाट्याला अर्धी ओळ. मी ते तीनदा वाचलं. म्हटलं, मागच्या बाजूला काही लिहिलं असेल. मागची बाजू कोरी होती.

पत्राच्या सुरुवातीला ‘इकडे सर्व क्षेम’ लिहायचं, हे लग्नानंतर सासरे म्हणून तुम्हीच मला शिकवलंत. आज मी ते लिहिणार नाही. आधी फोनच करणार होते. पण फोनवर तुम्ही ‘हव, हव’ म्हणाल आणि फोन आत्यांच्या हातात द्याल. पत्र अर्ध्यावर दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. चष्मा लावा आणि एकटे बसून वाचा.

अनुचं सांगते. तोंड सरळ झालं आहे. हसताना उजवी बाजू जराशी मागे राहते, पण ते फक्त घरच्यांना कळतं. पाय ठीक आहे. हात अजून नाही. उजव्या हाताची बोटं मिटतात, पण उघडायला वेळ लागतो. रोज सकाळी मी तिच्यापुढे दोन वाट्या ठेवते आणि एकीतले राजमे दुसरीत टाकायला लावते. परवा वीस राजम्यांना अकरा मिनिटं लागली, आणि शेवटचे तीन तिनं चिडून स्वयंपाकघरात भिरकावले. मी ते वेचून आणले आणि परत वाटीत ठेवले.

शुक्रवारी तिला दुसऱ्यांदा रक्त चढवलं. आता दर महिन्याला चढवायचं आहे. सुई लावताना ती रडत नाही, फक्त ‘आबाजी कब आएंगे’ विचारते. नर्सला वाटतं तुम्ही कुठे यात्रेला गेला आहात. तुमच्या परागनंच तसं सांगितलं. त्याला माणसांसमोर खरं बोलणं कधी जमलं नाही, हे काही मी तुम्हाला नव्यानं सांगायला नको.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

गेल्या वर्षी जानेवारीत अनुच्या डोक्याची ती तपासणी झाली, तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. डॉक्टर मॅडमनी कानशिलावर जेल लावून दांडी फिरवली आणि यंत्रातून सूं-सूं आवाज आला. तुम्ही म्हणालात, ‘इंजिनासारखा आवाज येऊन राहिला.’ मॅडम हसल्या. मग त्यांनी दोघांना नीट समजावून सांगितलं, की रक्तातल्या सिकलच्या, म्हणजे विळ्यासारख्या वाकड्या पेशींमुळे मेंदूकडे जाणारी नळी आतून अरुंद होत जाते, आणि रबरी पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबल्यावर पाणी जसं जोरात निघतं तसं तिथून रक्त जोरात धावतं. सेकंदाला एकशे सत्तर सेंटिमीटरच्या आत हवं, अनुचं एकशे शहाऐंशी आहे, आणि दोनशेच्या वर गेलं तर लकव्याची भीती. तुम्ही खिशातली वही काढून ‘दोनशे’ लिहून घेतलंत आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्यात. मी पाहत होते.

मॅडमनी काही लपवलं नव्हतं. हायड्रॉक्सीयुरिया नावाची कॅप्सूल आहे, कॅन्सरच्या काही रोग्यांनाही देतात, घाबरू नका, मुलांसाठी मात्रा वेगळी असते, दर दोन महिन्यांनी रक्त तपासत राहायचं, कदाचित नखांवर काळे पट्टे येतील, त्यानं काही बिघडत नाही. एवढं सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हणाल्या, ‘बस, रोज़ देनी है. नागा नहीं.’

तुम्ही ते काम माझ्याकडून मागून घेतलंत. मी साडेआठला नव्या रायपूरची बस पकडणार ती सातला घरी, परागची फिरतीची नोकरी, म्हणून अनुच्या जेवणानंतरची कॅप्सूल तुमच्याकडे. तुमचे शब्द मला पाठ आहेत. ‘माझ्याकडे दे वो. चौतीस वर्षं गार्ड म्हणून गाडी सोडली म्या, एक कॅप्सूल काहून चुकन माझी?’ आणि खरंच चुकली नाही. वर्षभरात वेग एकशे एकोणपन्नासवर आला. त्या वर्षात अनु एकदाही हातपाय दुखतात म्हणून रडत उठली नाही. तुम्ही कॉलनीत पेढे वाटलेत. कशाचे ते मात्र कोणाला सांगितलं नाहीत, आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग यंदा एप्रिलच्या शेवटी अक्षय तृतीया, आपली अक्ती झाली, आणि पुढच्या रविवारी अभनपूरहून मुलीकडचे तुळशीराम काका माझ्या दिराचं, सचिनचं घर पाहायला आले.

त्या सकाळी तुम्ही फ्रिजवरची बाटली उचलून आपल्या खोलीत नेलीत. मी म्हटलं, ठीक आहे, पाहुण्यांना अनुचं दुखणं कळायला नको, ते जाईपर्यंत असू दे. ती संध्याकाळी परत फ्रिजवर आली. दर महिन्याला बाटली बरोबर संपत होती, पराग नवी आणत होता. मला संशय यावा असं तुम्ही काही ठेवलंच नव्हतं. तुम्ही रोज दुपारी एक कॅप्सूल बाटलीतून काढत होतात, आपल्या गार्डच्या पेटीतल्या डब्यात टाकत होतात, आणि अनुच्या हातावर पेपरमिंटची गोळी ठेवत होतात. वरून तिला सांगत होतात की मम्मीला सांगू नको, ही आपली गंमत आहे.

आठ वर्षांच्या पोरीला आईशी खोटं बोलायला शिकवलंत तुम्ही. रोज, जेवण झाल्यावर.

आता हेही सांगते, की ब्राह्मणपाऱ्यातल्या तुमच्या देवीदासकडे मी जाऊन आले. कंपाउंडर म्हणून कुठे बारा वर्षं काढली आणि स्वतःला डॉक्टर समजतो. दारातच त्याला विचारलं, काय सांगितलंस मामाजींना? म्हणे, ‘म्या तं माहितीसाठी सांगितलं बाई. कॅन्सरचं औषध हाय, पोट्टीची जात, पुढं लेकरूबाळ झालं नाही तं? नखं पाहा ना कशी काळी पडून राहिली.’ त्याची बायको बाहेर आली, शेजारची दोन माणसं आली, तरी मी गप्प बसले नाही. जे सुचलं ते बोलले. तुम्ही तिथे असता तर मला ‘सोनिया, आवाज’ म्हणाला असता. तुम्ही नव्हता, म्हणून आवाज चढवता आला.

पण देवीदासवर राग काढून मला काय मिळणार? त्यानं तोंड वाजवलं, कॅप्सूल तुम्ही थांबवलीत. गार्डाच्या डब्यात उभं राहून शेवटपर्यंत गाडी नजरेखालून घातल्याशिवाय तुम्ही कधी हिरवी झेंडी दाखवली नाही, हे आम्ही किती वेळा ऐकलं आहे. मग इथे मॅडमना एकदा विचारता आलं नाही? मला विचारता आलं नाही? नातीच्या डोक्यातल्या नळीपेक्षा तुम्हाला तिची नखं आणि पंधरा वर्षांनंतरची लेकरं मोठी वाटली. आणि सचिनचं लग्न. ते तर सगळ्यात आधी.

तान्ह्या पोळ्याचा दिवस मी मुद्दाम लिहिते, कारण त्या दिवसाबद्दल तुम्ही आजपर्यंत एक शब्द काढलेला नाही. तुम्ही स्वतः तासून केलेला लाकडी बैल, गळ्यात घुंगरू, शिंगांना तुम्ही लावलेली निळी बेगड. अनु फाटकाजवळ उभी होती. हातातली दोरी पडली. तिनं उचलली. परत पडली. बाकीची पोरं हसली तशी तीही हसली, आणि तेव्हा मला दिसलं की तिचं तोंड एकाच बाजूनं हसतंय. तुम्ही माझ्या आधी पाहिलं होतं. मी धावले तेव्हा तुम्ही पायरीवर आधीच खाली बसला होतात, दोन्ही हात डोक्यावर ठेवून. मला तेव्हा वाटलं, म्हातारं माणूस आहे, घाबरलं.

दवाखान्यात वेग दोनशे एकवीस निघाला. मॅडमनी विचारलं, ‘दवाई रोज़ दी?’ मी म्हटलं, रोज. त्या रक्ताचा रिपोर्ट पाहून म्हणाल्या, कॅप्सूल चालू असली की रक्तात काही फरक दिसतात, इथे ते दिसत नाहीत. मी भडकले. मामाजी, मी त्या बाईला भरल्या ओपीडीत नाही नाही ते बोलले. म्हटलं, तुमची औषधं नकली आहेत, तुमचं यंत्र खराब आहे, माझ्या सासऱ्यांनी एक दिवस चुकवलेला नाही, ते रेल्वेत गार्ड होते. तुमच्यासाठी भांडले मी! त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, घरी जाऊन एकदा विचारा.

विचारायची गरज पडली नाही. मी कपडे न्यायला घरी आले, तेव्हा तुम्ही खोलीतून डबा आणलात, जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवलात, आणि आत जाऊन दार लावून घेतलंत. एकशे चौदा कॅप्सूल होत्या. अक्तीनंतरच्या रविवारपासून पोळ्यापर्यंत दिवसाला एक. सरकारी औषध म्हणून तुमच्यानं त्या फेकवल्या नाहीत, एवढे तुम्ही प्रामाणिक. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून आले तर पेटी जागेवर होती आणि तुम्ही गोंदियाला गेला होतात.

डबा मी टाकलेला नाही. माझ्या कपाटात आहे.

तुळशीराम काकांचं राहिलं. ज्यांच्यापासून लपवायला हे सगळं केलंत, ते तिसऱ्या दिवशी अभनपूरहून आले. सचिननं त्यांना सगळं सांगितलं होतं. या घरातलं एवढं एकच काम त्यानं धड केलं. त्यांनी आधी अनुसाठी रक्त दिलं, मग चहा घेतला, मग माझ्यापाशी येऊन बसले. म्हणाले, ‘माझ्या पुतण्याले हेच दवाई सुरू हाय, तीन वर्षं झाली. तुझ्या सासऱ्यांनी, दिवाकररावांनी विचारलं असतं तं म्या सांगितलं नसतं का? लपवाले काय झालं होतं?’ लग्न मोडलेलं नाही. तुळशीच्या लग्नानंतर तारीख धरायची म्हणतात.

हे सगळं मी फार तर आणखी कडक शब्दांत लिहून पाठवून दिलं असतं, आणि जन्मभर तुमच्याशी बोलले नसते. तसं ठरवलंही होतं. पण पत्र लिहायला बसले त्याचं कारण दुसरंच आहे.

अनु कॅप्सूल घेत नाही.

मॅडम म्हणतात, सध्या रक्ताशिवाय इलाज नाही, पण जन्मभर दर महिन्याला रक्त चढवत राहणंही सोपं नाही, अंगात लोह साचत जातं, रक्तही दर वेळी वेळेवर मिळेलच असं नाही. म्हणून त्याच्या जोडीला कॅप्सूल आत्ताच सुरू करायची. ती नीट लागू पडली, वेग खाली आला आणि खालीच राहिला, तरच पुढे रक्त हळूहळू कमी करता येतं का ते बघायचं. सगळं रोजच्या घेण्यावर आहे. आणि ही पोट्टी तोंड उघडत नाही. पहिल्या दिवशी थुंकली. दुसऱ्या दिवशी परागनं गाल दाबून आत घातली तर उलटी केली. मॅडमना विचारून पाण्यात विरघळवून दिली, तिनं पेला भिंतीवर मारला. आता ती माझ्या हातचं दूधही वास घेतल्याशिवाय पीत नाही. पंचवीस दिवस झाले, पोटात किती गेल्या देव जाणे.

मी खूप समजावलं. म्हटलं, ‘बेटा, ही चांगली दवाई आहे.’ तर म्हणते, ‘आबाजी ने बोला ये ज़हर है. आबाजी झूठ नहीं बोलते.’ मी म्हटलं, आबाजींची चूक झाली. तर म्हणते, ‘तो आबाजी बोलें.’

मी चिडून तिला एक चापट मारली. उजव्या हातावरच बसली, ज्याला कळतही नाही धड. त्यानंतर मी स्वतःचंच डोकं धरून बसले.

आता राहिलेलं सांगते. ते मी पत्राच्या सुरुवातीपासून टाळते आहे.

सचिनच्या साखरपुड्याच्या दिवशी, जूनच्या शेवटच्या रविवारी, मी अनुला नेलपॉलिश लावत होते. शाळेत पोरी तिला काळ्या नखांची म्हणून चिडवायच्या, म्हणून त्या दिवशी मुद्दाम लाल रंग आणला होता. एक एक बोट धरताना माझ्या लक्षात आलं की नखांच्या मुळाशी पट्टे नाहीत. निम्मं नख गुलाबी, स्वच्छ, वर तेवढं काळं राहिलं होतं. मी म्हटलं, ‘अरे वा, अनुची नखं सुंदर झाली!’ अनु खुदकन हसली आणि तिनं मान वळवून तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही धोतराच्या निऱ्या सारख्या करत होतात. तुम्ही वर पाहिलं नाही.

मामाजी, ती नजर मी पाहिली होती.

काहीतरी आहे हे मला त्या क्षणी कळलं. काय ते कळायला एक प्रश्न पुरला असता. पट्टे का जातायत? अनु, तू आबाजींकडे का बघितलंस? मी विचारला नाही. मला बरं वाटलं होतं. पाहुण्यांसमोर पोरीची नखं चांगली दिसणार याचं बरं वाटलं होतं, दुसरं काही नाही. त्याच महिन्यात तिचं रक्त तपासायचं होतं, तेही मी ढकललं. ऑफिसात काम आहे असं परागला सांगितलं. काम नव्हतं. सिकलच्या रांगेत अभनपूरकडचं कोणी भेटेल आणि साखरपुडा फिसकटेल, ही भीती होती. तुम्ही बाटली लपवलीत म्हणून मी तुमच्यावर एवढी जळते आहे, आणि मी पोरीलाच लपवलं. तेव्हा तपासणी झाली असती तर दोन महिने हाताशी होते. तान्हा पोळा यायला दोन महिने होते.

हे परागला माहीत नाही. मॅडमना माहीत नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगते आहे. माझा राग त्यानं कमी झालेला नाही, हेही सांगते. तो तुमच्यावर जेवढा होता तेवढाच आहे, आता माझ्यावरही आहे इतकंच.

तेव्हा या. माफी मागायला येऊ नका, ती ऐकून घ्यायची माझ्यात सध्या ताकद नाही. गोंदियाहून रायपूरची कोणती गाडी किती वाजता, हे मी तुम्हाला सांगायला नको. गुरुवारी घट बसतात, त्याच्या आत या. मी ऑफिसला सुट्टी टाकली आहे. दुपारी जेवण झालं की अनुला तुमच्यासमोर बसवीन, डबा तुमच्यापुढे ठेवीन. तिला त्या एकशे चौदा दाखवा आणि सांगा की आबाजी खोटं बोलले, ही कॅप्सूल ज़हर नाही, ही घेतली असती तर दोरी हातातून पडली नसती असं मॅडम म्हणतात. ज्या तोंडानं ते सांगितलंत त्याच तोंडानं हे सांगा. ती रडेल, तुम्हाला बोलेल, मारेलही. मध्ये मी पडणार नाही. तुमचं झालं की माझी पाळी, आणि नखांचं मी तिला सांगीन, तुमच्यादेखत. मग बाटलीतली नवी कॅप्सूल तुम्ही तुमच्या हातानं तिला द्या. उद्या परत द्या, परवा परत द्या. तुमची कंबर मोडली तरी हे काम आता तुमच्याकडून कोणी काढून घेणार नाही, आणि रोज मी समोर बसून बघणार.

येताना पेपरमिंट आणू नका.

‘लोभ असावा’ लिहायची पद्धत आहे. तुमचा लोभ अनुवर किती आहे ते मी या घरात दहा वर्षं पाहते आहे, म्हणून तो मागत नाही. फक्त या.

तुमची सून,
सोनिया

ता. क. पत्र मिटत होते तेवढ्यात अनु उठली. कोणाला लिहितेस म्हणाली. सांगितलं तर म्हणाली, मीपण नाव लिहिणार. डाव्या हातानं लिही म्हटलं, ऐकलं नाही. खाली जे आहे ते तिनं उजव्या हातानं लिहिलं आहे. दुसऱ्या अक्षरापर्यंत पेन दोनदा पडलं, पूर्ण नावातली पुढची अक्षरं लिहिता आली नाहीत. वाचता येतं का बघा.

अ नु